हल

या गावाचं नावच हल.
फोनवर पहिल्यांदा सांगितलं, तर आई म्हणाली,
मग हल की, बसलायस काय!
एकोणीस वर्षं झाली त्याला.
हललेलो नाही.

कॅरॅव्हॅनच्या कारखान्यात मी नळ बसवतो.
दिवसाला अकरा स्वयंपाकघरं, अकरा न्हाणीघरं,
पाना, पांढरी टेप, रबरी वायसर,
मग पाणी सोडून बघायचं, थेंब गळतो का.
दहा चाळीसच्या सुमाराला
सिंकखाली उताणा पडलेला असताना
माझं जहाज सुटतं.

फार मोठं नाही. दोन शिडांचं.
नकाशावर चहाचा डाग पडलाय,
त्यालाच मी बेट धरून चालतो.
खलाशी चौघं. त्यांतला एक बंड करणार आहे,
कोण, ते ठरत नाही अजून.
डावीकडून बर्फाची भिंत सरकत येते,
मी ओरडतो, सुकाणू वळवा, सुकाणू!
तोंडात वायसर धरलेला असतो,
त्यामुळे बोंबेत जोर येत नाही.

"सातव्या घरात गरम पाणी थंडात सोडलंयस,"
क्लिफर्ड ऑक्सटबी वरून सांगतो.

क्लिफर्डचा बाप खरोखरीचा गेलेला.
तीन आठवडे आइसलंडकडे मासे धरायला,
तीन दिवस घरी, की पुन्हा बोटीवर.
मी खोदखोदून विचारतो.
वादळ? असायचं.
दोरांवर बर्फ चढून ते मांडीएवढे व्हायचे,
कुऱ्हाडीनं फोडावे लागायचे, नाहीतर बोट कलंडायची.
बोटं? दोन गेली, डाव्या हाताची.
आणि पाळी संपल्यावर, अंधारात पडल्या पडल्या,
कसला विचार करायचा रे तो?

क्लिफर्ड सँडविचमधली काकडी वेचून बाजूला ठेवतो.
"नळाचा," म्हणतो.
"आमचा स्वयंपाकघरातला नळ गळायचा.
तिकडून तारा करायचा आईला, हात लावू नकोस, आलो की करतो.
आला की तीन दिवस पबात."
मग?
"मग काय. आईनं माणूस बोलावला."

परवाच्या रविवारी बसनं विदरन्सीला गेलो.
कड्यावर आमच्या कॅरॅव्हॅन ओळीनं उभ्या.
चाकं आहेत, पण एकदा लॉरीवरनं आणून ठेवल्या
की जन्मभर समुद्राकडे तोंड करून बसतात.
त्या जात नाहीत कुठं. समुद्रच येतो,
कडा खात खात, वर्षाला दोन-चार पावलं.
पहिल्या ओळीतली एक उचलून मागं नेली म्हणे,
गवतावर तिचा फिका चौकोन राहिलाय.
शेजारच्या खिडकीत एक बाई किटली भरत होती,
माझ्या नळाखाली.
मी वाकून बघतोय म्हटल्यावर
तिनं पडदा ओढला.

सोमवारी दहा चाळीसला जहाज सुटलं.
या खेपेला नकाशा घ्यायचा राहिला.
वायसरची एक पुडी तेवढी
खिशात निघाली.