दोन पनेट

दुकानदार म्हणाला, नऊशे ऐंशी ग्रॅम, मॅडम, नुसतं पीस.
मी म्हटलं, मोजून दाखवा.
कॅनडा कॉर्नरच्या त्या दुकानात
टीव्ही होते, फ्रीज होते, वजनकाटा नव्हता.

मग दोघं शेजारच्या सुक्या मेव्याच्या दुकानात गेलो.
काजूची परात बाजूला सरली,
काट्यावर बसला तो: करडा, मिटलेला, बोटभर जाड.
एक हजार बारा.
काटा शिक्क्याचा आहे, मेवावाला म्हणाला, कुणी न विचारताच.
दुकानदार म्हणाला, बत्तीस ग्रॅमचं काय एवढं?

काय सांगू त्याला.
बत्तीस ग्रॅमसाठी मोहाडीत मी
अख्खा कंटेनर थांबवलाय, रात्री अकरा वाजता,
ड्रायव्हर शिव्या घालत असताना.

कामच ते माझं. या पॅकहाउसातून त्या पॅकहाउसात,
सोळा मिलिमीटरचा मणी, देठाचा हिरवेपणा,
पाचशे ग्रॅमचं पनेट.
जग मला पनेटमध्येच मोजता येतं.
हा दोन पनेट.
जुना पाच, आणि वर एक चांगला भरलेला घड,
तो मी सात हंगाम डाव्या खांद्यावर वागवला.

आणि चार्जर? मी विचारलं.
काउंटरखालून निघाली वीट, तिला शेपूट.
नाकापेक्षा मोती जड झाला नव्हता अजून,
पण चालला होता त्याच वाटेने.
तेव्हा झाडू मारणारा पोऱ्या, ऋग्वेद त्याचं नाव,
झाडू न थांबवता बोलला,
फोनचाच लावा ना, सावकाश भरतो, पण भरतो.
वीट घरी ठेवली. त्या पोऱ्यामुळे अर्धं पनेट वाचलं.

भोकं दोनच, तीही एका अंगाला.
जानोरीच्या गांगुर्ड्यांना रिपोर्ट पेनड्राइव्हवरच लागतो,
म्हणून एक जोडतुकडा पर्समध्ये, किल्ल्यांच्या जुडग्यात.
निफाडला जानेवारीत पहाटे मांडीवर घ्यावा
तर बर्फाची लादी. खाली शालीची घडी घालते.
दुपारी मांडवाखाली पानांतून ऊन ठिबकतं पडद्यावर,
तरी अक्षरं दिसतात.
चकचकीत पडदा नको म्हणून हटून बसले होते, ते बरं झालं.

बॅटरी कंपनीच्या कागदावर चौदा तास.
माझ्या हाती नऊ.
एकदा संध्याकाळी वीज गेली, जनरेटर घुरघुरून गप्प बसला,
तेव्हा पडदा कोरा पांढरा करून टेबलावर उभा केला.
बेबीताई आहेरांनी त्या उजेडात
खराब मणी छाटत एक क्रेट संपवला,
आणि म्हणाल्या, बरा आहे की दिवा तुमचा.

मग वणीची गाडी.
ठक्कर बझारहून निघाले, म्हसरूळ मागे पडलं,
आणि खांद्याला काहीच लागेना.
हात नेला नाही, बघितलं नाही,
ओरडलेच, थांबवा, राहिला, स्टँडवर राहिला!
कंडक्टरने घंटी ओढली. उतरले.
गाडी धूळ उडवत गेली.
पिशवी खांद्यावर होती.
पिशवीत तो होता.

पुढची गाडी चाळीस मिनिटांनी.
रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर टेकून
मी आदल्या दिवसाचा रिपोर्ट पुरा केला,
आणि मधूनमधून स्वतःलाच हसले.

फिजिओथेरपीच्या कुलथेबाई पाठीमागे उभ्या राहून म्हणतात,
डावा खांदा अजून वर धरताय.
अहो, आता कशासाठी?
मी खाली सोडते.
बोलता बोलता तो पुन्हा चढतो,
जुन्या नोकरासारखा,
मालक गेला तरी दारात उभा.

परवा दुकानदार दिसला, कॉलेज रोडच्या सिग्नलला.
काच खाली करून विचारलं, कसा आहे?
म्हटलं, आहे असं वाटतच नाही.
तो खूश झाला.
सिग्नल सुटला.
वणीच्या गाडीचं मी त्याला सांगितलं नाही.