चार दहा

कुलरचा मागचा पत्रा काट्यावर चढला होता,
वनमालानं उतरवून घेतला.
"काहून वो बाई?"
"असाच."
सांगण्याजोगं तिलाही काही ठाऊक नव्हतं.

चारी कडा मुडपल्या वरवंट्यानं,
विटकरीनं गंज घासला.
मग फुटक्या बांगड्या, कुडत्याची बटणं,
रिमोटमधला एकटा सात
आणि मधोमध दिराचं बंद घड्याळ, बिनपट्ट्याचं.
मुठी पेटीच्या. एक किंचित वाकडी.

आता कोणी सकाळी येवो की दिवे लागल्यावर,
ट्रेवर चार दहाच.
"बसा ना बाप्पा, चहाचीच तर वेळ आहे!"

परवा काटा घेऊन तोच आला
दारव्ह्याहून, भर उन्हाचा.
आधी त्यानं पत्रा ओळखला,
बोटानं सात दाबून पाहिला,
मग कप उचलला.