खिडकी क्रमांक दोन

शुक्रवारी दार उघडायच्या आतच
आर्विला कोस्किनेन पायरीवर उभी.
रस्त्यावरच्या मिठानं पांढरे पडलेले बूट,
अंगावर वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातली रात्रपाळी,
कांद्याचा वास.
माझ्या खिडकीतून तिनं कागद सरकवला
आणि म्हणाली, मोज.

मोजण्याचाच पगार घेते मी, अकरा वर्षं,
मिशिगनच्या या सरोवराकाठच्या गावात,
जिथं कागदाची गिरणी बंद पडली
आणि गिरणीवाल्यांची पतपेढी तेवढी उरली.

गुरुवारी खात्यात एकसष्ट डॉलर चाळीस सेंट.
पेट्रोल अठराचं.
पण पंपाला काय ठाऊक तू किती भरणार,
त्यानं आधीच पन्नास अडवून ठेवले,
तुझ्याच खात्यात, तुझ्याच हाताबाहेर,
लग्नमांडवात न येणाऱ्या पाहुण्यांसाठी
रुमाल टाकून धरलेल्या खुर्च्यांसारखे.
उरले अकरा चाळीस.
मग थायरॉइडच्या गोळ्या, चौदा.
मग कॉफी, तीन.
मग नातवाच्या स्केट्सच्या नाड्या, सहा.
आणि या तिन्हींमागे एकोणतीस, एकोणतीस, एकोणतीस.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला,
ते तरी बरं,
मसाला निदान पोटात जातो.

"म्हणजे पैसे होते."
होते.
"तरी नव्हते."
नव्हते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल.
पण अपरात्री कुणी येऊन
अंथरुणाचीच घडी घातली तर
झोपलेल्यानं काय पाहायचं?

आणि या दंडाचं नाव काय, तर सौजन्य.
माहितीपत्रकावर तसंच छापलंय, शेजारी हसरं कुटुंब:
चारचौघांत तुमचं कार्ड नाकारलं जाऊ नये म्हणून.
चारचौघं म्हणजे कोण?
औषधाच्या दुकानातला रेमी,
ज्याच्या आईला ही रोज रात्री सूप भरवते.

मी खालच्या खणातून फॉर्म काढला.
तो खालच्याच खणात का असतो, विचारू नका.
"नको"च्या चौकटीत खूण कर, म्हटलं,
पैसे नसतील तेव्हा कार्ड सरळ नाही म्हणेल,
नाही म्हणायचे पैसे पडत नाहीत.
पेट्रोल भरायचं तर आत जा, अठराच सांग.
शिल्लक बघताना खालचा आकडा बघ,
वरचा शोभेचा.
एक दंड मी माफ करू शकते, वर्षातून एकच. केला.
आणि बचत खातं याला जोडून ठेव,
त्यात तुझे पाच डॉलर आहेतच.

"ते कसले?"

सभासदाचा भाग. त्या पाचांमुळे
तू इथली मालकीण.

ती हसली नाही.
"म्हणजे मी मलाच दंड केला."

मार्चमध्ये वार्षिक सभा, चर्चच्या तळघरात,
बटाट्याचं सॅलड, घडीच्या खुर्च्या.
अध्यक्ष बोड्री अहवाल वाचत होते,
गाड्यांची कर्जं, घरांची कर्जं, इतर उत्पन्न.
आर्विला उभी राहिली. हातात कागदी प्लेट तशीच.
"त्या 'इतर'मध्ये
मी किती आहे?"

कॉफीचं पिंप तेवढं गुरगुरलं.
बोड्रींनी पान उलटलं, पुन्हा मागे घेतलं.
मी माझ्या प्लेटकडे पाहत राहिले.
ताशी चाळीस सेंटची माझी पगारवाढ
त्याच ओळीतून आलेली.

एप्रिलच्या एका बुधवारी
औषधाच्या दुकानात आर्विलाचं कार्ड नाही म्हणालं.
मी रांगेत तिच्या मागे होते.
रेमीनं पुडीवर नाव लिहिलं, फळीवर ठेवली,
"शुक्रवारी?"
"शुक्रवारी," ती म्हणाली, आणि हातमोजे चढवले.

एवढंच झालं चारचौघांत.
बाकीचे तिघे
आपापल्या फोनवर
आपापला खालचा आकडा बघत होते.