नाकाच्या चाकाची पिन

सांबऱ्याच्या शेडमधलं ते छोटं लढाऊ विमान
अकरा वर्षं चार विटांवर नाक टेकून होतं.
पुढच्या चाकाची पिन ट्रेलरवरून येताना पडली
की आधीच कुणी काढून ठेवली,
नोंद नाही.

बाकी सगळ्याची आहे.
हेल्मेट एक, काच तडकलेली.
हातमोजा, डावा.
पॅराशूटची पिशवी, आत उंदराचं जुनं घर.
उंचीमापक, काटा बावीस हजार फुटांवर अडकलेला,
टेबलावर, फुलाफुलांच्या कापडावर.

बिरादारसाहेब, निवृत्त वॉरंट ऑफिसर,
उद्यमबागेत माझ्या लेथपाशी येऊन उभे राहिले.
हातात वहीचं पान, पेन्सिलीनं काढलेली पिन,
मापं सगळी इंचात.
म्हणाले, "उडायचं नाही ते आता,
एखादं सूत इकडंतिकडं चालतंय."

मला राग आला. का, ते सांगता येणार नाही.
सूत सुतारानं मोजावं.

बापाचा इंची मायक्रोमीटर पेटीतून काढला.
त्याच्यासोबत गोकाकच्या गिरणीत बावीस वर्षं राबलेला,
तेलकट फडक्यात गुंडाळलेला,
फिरवला तर अजून कुरकुरत नाही.

ईएन चोवीसचा तुकडा चकमध्ये धरला.
निळा कीस वळ्यावळ्यांनी पडायला लागला.
शेजारच्या मशीनवरून मल्लेशीनं मान वर केली,
"काय करूलास रे?"
"विमान."
हसला, आणि परत आपल्या पिस्टनकडं वळला.

पहिली पिन दीड थाऊ बारीक झाली.
बसली असती. कुणाला कळलंही नसतं.
ती भंगारात टाकली
आणि सुट्टीच्या दिवशी येऊन दुसरी केली.

शेडमध्ये पोटाखाली आडवा झालो, बॅटरी दातांत.
चाकाच्या खोबणीत हिरवट रंग,
आणि त्यावर पिवळ्या खडूनं, घाईत लिहिलेलं:
ग्रीस कम.
खाली तारीख. नऊ एवढंच उरलंय, महिना पुसला.

कोण होता, कुठला होता,
त्या नऊ तारखेला विमान गेलं की नाही,
आणि परत आलं तर ग्रीस कुणी भरलं की
तसंच राहिलं एवढी वर्षं?

बोट डब्यात बुडवून भरपूर लावलं.
खडूला हात लागू दिला नाही.

पिन गेली. हातोडी लागली नाही.
साहेबांनी जॅक सोडला, विटा ओढल्या,
नाक बोटभर खाली आलं
आणि कुठूनतरी जुनी कोंडलेली हवा निघाली, फुस्स.
हवेच्या तोंडातून एक चिमणी बाहेर पडली,
आम्हाला शिव्या देत.
"छलो आत," साहेब म्हणाले, आणि चष्मा पुसत राहिले.

बाहेरच्या पाटीवर विमानाचं नाव तीन भाषांत.
मी मधली ओळ वाचली,
हिंदी आहे, पण अक्षरं घरचीच.
पिनेचं नाव कुठंच नाही. असूही नये.

विटा बाळेकुंद्री रस्त्यावरच्या चहावाल्या यल्लुबाईनं नेल्या.
तिचं बाकडं आता त्यांवर आहे.
शनिवारी पगार झाला की मी तिथं बसतो.
चारातली एक जरा कमी जाडीची आहे,
बाकडं डावीकडं हलतं.
पुढच्या वेळी एक पत्रा कापून आणणार आहे,
मोजून.