आलबेल

पहाटेचे दोन दहा. टार्टूच्या रुग्णालयाचं तळघर.
बाहेर एमायोगी नदी गोठलेली,
इथे बारमाही एकोणीस अंशांचा वारा, तोही पंख्यांचा.
मारिका उलट्या क्रेटवर बसून, मांडीवर लॅपटॉप.
हेइनो उभा. गुडघे वाकत नाहीत म्हणतो,
खरं तर स्विचसमोर बसायचं नाही
हा त्याचा एकतीस वर्षांचा नेम.

दुपारी तिसऱ्या मजल्यावर
कुणाच्या तरी फुप्फुसाचा फोटो अर्धाच उघडला.
वरचा भाग स्वच्छ, खाली नुसती करडी पट्टी.
डॉक्टरीण वाट पाहून कॉफीला गेली,
पेशंट सदरा हातात धरून तसाच थांबला.
चोवीस पोर्टांच्या स्विचमध्ये
सतरावं पोर्ट शब्द गिळत होतं.

म्हणून चाचण्या.
वाहतूक दुसऱ्या स्विचवर वळवली, सतरावं बंद केलं,
केबल काढून हेइनोनं तिथे
बोटाच्या पेराएवढा लूपबॅक प्लग खोचला:
जे तोंडातून निघेल ते तसंच कानात परत.
दहा लाख फ्रेम गेल्या, दहा लाख आल्या.
मेमरी ठीक. घड्याळ ठीक.
तापमान एक्केचाळीस, म्हणजे ठीकच.
चुका शून्य,
आणि पुन्हा चालवलं तरी शून्य.
पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलबेल.

“स्वतःशी बोलताना कोण अडखळतं?” मारिका म्हणाली.
“काय?”
ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं.
“या पंख्यांत कुणाला काय ऐकू येणार,”
हेइनो पंख्यांवरच घसरला.
तिला येत होतं. ती बोलली नाही.

कानाच्या विभागाची तिसरी चिठ्ठी
त्याच्या कोटाच्या खिशात, रुमालाखाली.
विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे.
“घरी मला सगळं ऐकू येतं,” तो सांगतो,
“भांडी घासताना बोलतो ना, त्यातला शब्द न शब्द.”
घरी तो एकटाच असतो.
हेल्लेची लोकरी टोपी नऊ वर्षं खुंटीवर.

प्लग काढला. खरी केबल लावली,
पलीकडे खरी डिस्क.
चार मिनिटांत एक चूक. मग अकरा.
मग मोजणी सोडून मारिकानं केबलचं टोक
मायक्रोस्कोपखाली धरलं.
केसाहून बारीक काचेची वाट
आणि तिच्यावर, पापडावरच्या जळक्या ठिपक्यासारखा,
धुळीचा एक कण.

हेइनो चष्मा कपाळावर सारून बघत राहिला.
“एवढासा?”
“एवढासाच.”
“किती दिवसांचा असेल?”
“कुणास ठाऊक. आपण दर वेळी प्लग लावूनच तपासलं.”
हे मात्र त्याला पहिल्या फटक्यात ऐकू आलं.

साफ करायच्या पेनाचा एक टिक, आणखी एक.
काच पुन्हा काचेसारखी.
अर्धा तास दोघं हिरव्या दिव्याकडे बघत बसले,
म्हणजे ती बसली.
आकडा हलला नाही.
वर कुणाचं तरी फुप्फुस
तळापर्यंत उघडलं असेल.

नोंदवहीत त्यानं तिरक्या अक्षरांत लिहिलं:
पोर्ट १७. यंत्र निर्दोष. टोक मळलेलं. पुसलं.
खाली सही, आणि सहीखाली उगाच एक रेघ.

सव्वासहाला लिफ्टपाशी
ती त्याच्या पाठीमागून नेहमीच्या आवाजात म्हणाली,
“हेइनो, चार केबल अजून राहिल्यात.”
इथे पंखे नव्हते.
तो बंद दाराकडेच बघत राहिला.

लिफ्ट आली. त्यानं तळमजल्याचं बटण दाबलं.
त्याच्या हाताखालून हात घालून
तिनं दोनचं.
तो काहीतरी बोलणार होता, बोलला नाही.
कानाचा विभाग आठला उघडतो.
थर्मासमध्ये कॉफी होती,
आणि बाकड्यावर दोघांपुरती जागा.