यादीतलं दुसरं नाव

तू अठ्ठावीस दिवसांसाठी समुद्रात गेलास
आणि फ्रिजवर चिठ्ठी लावून गेलास :
लाल उजवीकडे, पांढरी डावीकडे.
आधी अ‍ॅम्प बंद कर, मगच वायरींना हात लाव.
बाकी सोपं आहे.

बाकी सोपं नव्हतं.

राउटर जिन्याजवळ, घरमालकानं ठोकलेला.
अबू राशिदचं एकच कनेक्शन, तीन बिऱ्हाडांत,
सामाईक विहिरीसारखं :
कोण कधी किती उपसतं, काही कळत नाही.
तिथून चौदा मीटर केबल आणली
दाराच्या फटीतून, गालिच्याखालून,
तांदळाच्या पिंपामागून,
एसीखालची बादली चुकवत.
रांगता रांगता सापडलं
शंभर फिल्सचं एक नाणं
आणि माझ्या कुडीची फिरकी,
जिच्यासाठी मागच्या ईदच्या सुट्टीत
आपण दोन दिवस बोललो नव्हतो.

मग प्रत्येकाला पत्ता द्यायचा.
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, आणि पुढे काहीतरी.
हार्डडिस्कला एक, स्ट्रीमरला एक.
मुहर्रकमध्ये बारा वर्षं काढली आपण,
पत्र यायचं तर अजून पोस्ट बॉक्स,
तोही तुझ्या कंपनीचा.
आणि ही डबी, खोबरेलाच्या बाटलीएवढी,
हिला पहिल्याच संध्याकाळी घर नंबर!

निळा दिवा लागला. लुकलुकला. स्थिर झाला.
फोनवर यादी आली. यादीत दोन नावं.
एक आपलं, तू ठेवलेलं, 'हॉल'.
दुसरं अरबीत.
अक्षरं लावत लावत वाचलं : मजलिस.
मला वाटलं, तूच काहीतरी करून ठेवलंयस.

पहिली फाइल लावली ती गुहागरची,
भाऊजींच्या पखवाजाच्या रियाजाची.
रेघ पुढे सरकत होती, सेकंद मोजले जात होते,
आपले स्पीकर मात्र ढिम्म.
लाल बघितली. पांढरी बघितली.
व्हॉल्यूम वाढवला. आणखी वाढवला.

तेवढ्यात वरून विमान उतरलं,
आपल्या गच्चीला घासून जातात तसं,
आणि ते गेल्यावर जी शांतता झाली तिच्यात
भिंतीपलीकडून
धा
दिं ता
आणि तुझ्या वहिनींचा आवाज : चहा ठेवू का?

अरे, मी गार पडले.
पलीकडे कोण राहतं?
चपला पाहिल्यात मी त्यांच्या, माणूस नाही.
बंद करायचं बटण सापडेपर्यंत
भाऊजींनी एक अख्खी तिहाई घेतली,
शेवटचा धा चुकवून, नेहमीसारखा.

रात्री कुणी दार वाजवलं नाही.
सकाळी जिन्यात चपला होत्या तशाच.

दुसऱ्या दिवशी आठच्या सुमाराला
मी चपात्या लाटत होते.
निळा दिवा आपला आपण लागला
आणि हॉलमध्ये, आपल्या स्पीकरमधून, स्वच्छ,
जाड कातड्याचा ढोल, टाळ्या,
खूप पुरुष एका दमात काहीतरी ओढतायत असा आवाज,
मध्येच म्हाताऱ्याचा खोकला,
मग एका बाईनं दुरून काहीतरी विचारलं.
अरबी मला भाजीबाजारापुरती येते.
पण त्या प्रश्नाचा शेवट जिथे वर गेला ना,
तो मला कळला.
लाटणं हातात धरून मी म्हणाले, ठेवा.

सहा मिनिटं चाललं. मग दिवा विझला.

तर, जोडणी झाली आहे.
लाल उजवीकडेच आहे.
डावा स्पीकर थोडा खरखरतो, आलास की बघ.
अबू राशिद पासवर्ड बदलायचं म्हणतोय,
त्याला सांगितलंय, साहेब आल्यावर.
आणि यादीतलं ते दुसरं नाव
चुकीचं समजून काढून टाकू नकोस.
आज मी भाऊजींचा पुढचा भाग लावणार आहे,
तो बरा वाजवलाय त्यांनी.