कायम म्हंजे किती

खानापुरात, सबरजिस्ट्रार कचेरीसमोर,
झेरॉक्सच्या दुकानाला टेकून
आप्पांचं टेबल होतं, ते आता माझं आहे.
दस्त कन्नडमध्ये काढायचा
आणि सहीआधी मराठीत समजावून सांगायचा,
एवढंच काम. दिवसाला चार, लग्नसराईत सहा.

आप्पा एका शब्दापाशी थांबत.
‘…आपण व आपले पुत्रपौत्रादी यांनी सदर जमीन
निरंतर उपभोगावी.’
निरंतर आलं की टाक झटकत, दौतीत पुन्हा बुडवत.
म्हणत, ह्याला शाई फार लागते,
ह्याचा दर वेगळा लावाय पायजे.

काल भरमव्वा हलगेकर आली,
मलप्रभेकाठची सव्वीस गुंठे विकायला.
पडद्यावर होतं ‘शाश्वतवागि’,
मी वाचलं, ‘कायमची दिली.’
शाईनं भरलेला अंगठा तिनं तसाच अधांतरी धरला.
‘कायम म्हंजे किती गे?’

कायम म्हणजे कायम, मावशी.

‘तसं नव्हं.
जावई कायम झाला, पेढे वाटले,
फुडल्या साली गिरणीच बंद.
रेशनकार्ड कायमचं म्हणून दिलं, तीनदा बदललं.
आन् शाळेचे मास्तर म्हणायचे, सीमेचं तेवढं
तात्पुरतं हाय, निकाल लागोस्तोर.
मी तवा परकरात होतो.’

मागचा माणूस घाई करायला लागला.
मी मनात शब्द चाळत होते.
अक्षय, सोनाराच्या दारावर, वर्षातून एक दिवस.
अमर, भिंतीवर चुन्यानं, पुढच्या पावसापर्यंत.
चिरंजीव, पत्रिकेत, मुहूर्ताच्या जरा वर.
प्रलंबित. हा त्यातल्या त्यात टिकाऊ निघाला.
पलीकडच्या बाकावरून बसवण्णी मदतीला आला,
‘सूर्य चंद्र इरूतनका, अव्वा.’
सूर्य-चंद्र असेतोवर.

ती हसली. ‘ते दोघं माझ्या बांधावरच हाईत की.’

आहेत. मोजणीला गेले तेव्हा पाहिले होते.
कमरेएवढा दगड, माथ्यावर सूर्य आणि चंद्र,
खाली कोण्या राजाचा शब्द, कोणा देवळाला दिलेला,
आणि तो मोडणाऱ्यासाठी एक गाढव.
राजाचं नाव धुण्याखाली गेलं.
देऊळ कुठलं, कुणाला ठाऊक नाही.
गाढव शाबूत आहे.
चंद्राच्या कडेवर तीन पिढ्यांनी कोयते पाजळले:
हिची आजेसासू, सासू, मग ही.
पूर्ण कोरला होता म्हणतात, आता कोर उरलीय,
नेमकी कोयत्याच्या वाकाची.

‘जमीन दिली. दगड इकला न्हाई, असं लिव.
सुगीला कोयता पाजळाय येणार मी.’

चतुःसीमेच्या चौकटीत चारच दिशा बसतात,
सुगी कुठल्या रकान्यात घालू?
उत्तरेस, दगड, एवढं टंकलं.
तिला सांगितलं, लिहिलं.
खोटं सांगितलं की अर्धं, रात्रभर ठरेना.

तिनं अंगठा टेकवला. रेषा नव्हत्याच फारशा,
झिजलेल्या, त्या चंद्रासारख्या.
चिंधीनं पुसला, पदरानं पुसला.
‘ही जाईल न्हवं?’
चार दिवस राहील, म्हटलं.
‘चार दिस,’ ती अंगठा उजेडाकडे धरून म्हणाली,
‘हां. आता कसं नीट सांगितलंस.’

पायरी उतरताना म्हणाली, येतो.
आमच्याकडच्या बायका असंच म्हणतात,
जातानाही.